भार कुणावर?

परदेशी जोडीदाराच्या व्हिसासाठी उत्पन्नाची अट रास्तच, ‘करदात्यांवर भार नको’, हे एका पत्रलेखकाचे म्हणणे ब्रिटनच्या नियमांशी ताडून पाहावे. तिथे अशा व्हिसावर आलेल्यांना बहुतेक सरकारी भत्ते मुळात मिळतच नाहीत; मग भार कसला? तिथल्या जोडीदाराच्या वार्षिक उत्पन्नाची २०१२ ची १८,६०० पौंडांची अट ११ एप्रिल २०२४ पासून एकदम २९,००० झाली. एप्रिल २०२५ च्या किमान वेतनाने, ताशी १२.२१ पौंडांनी, आठवड्याला साडेसदतीस तास वर्षभर राबणाऱ्याचे होतात सुमारे २३,८००. म्हणजे सरकारनेच ठरवलेली मजुरी संसाराला अपुरी! लग्न होऊन तिकडे जाणारी गोंदियाची मुलगी इथे कितीही कमावत असो, ती कमाई धरत नाहीत. हां, सहा महिने ८८,५०० पौंड बँकेत असतील तर पगार कुणी विचारत नाही.

लग्नासाठी सीमा आमच्याकडेही ओलांडतात: आमच्या दरेकसाच्या पुढचे बोरतलाव स्टेशन छत्तीसगडात, म्हणजे दुसऱ्या राज्यात. तिकडच्या सोयरिकीत मुलाची मिळकत मुलीचा बाप विचारतो, सरकार नव्हे.

अमेरिकेत अट साधारण दारिद्र्यरेषेच्या सव्वापट आहे आणि कमी पडल्यास दुसरा जामीन चालतो. अट हवीच असेल तर किमान वेतनाच्या वर नसावी, आणि येणाऱ्याची कमाईही मोजावी.

— एक वाचक, दरेकसा (जि. गोंदिया)