नॅनोकण आयन वेचतात की पेरतात?

द्रवस्फटिकात नॅनोकण मिसळले की आयन कमी होतात, हे विधान शोधनिबंधांत इतके सरावाचे झाले आहे की त्याचा पुरावा मागायचेच राहून जाते. मूळ कल्पना चुकीची नाही. द्रवस्फटिकातले नको असलेले आयन विद्युत् क्षेत्रात इलेक्ट्रोडकडे सरकतात, तिथे साचतात आणि आतल्या रेणूंना मिळणारे क्षेत्र कमी करतात. मग पडदा लुकलुकतो, आधीच्या चित्राची पुसट छाया मागे राहते. कणांच्या पृष्ठभागाने हे आयन धरून ठेवले तर त्रास कमी होणारच. पण कणही कोरे नसतात. ओल्या रासायनिक पद्धतीने बनवलेल्या कणांबरोबर नायट्रेट, क्लोराइड, सोडियम यांचे अवशेष येतात आणि द्रवस्फटिकात गेल्यावर सुटे होतात. युरी गार्बोव्स्की यांनी गेल्या दशकात मांडलेल्या प्रारूपाचा गाभा हाच आहे. कण आधीच किती मळलेले आहेत आणि द्रवस्फटिक मुळात किती शुद्ध आहे, यावर आयन घटतील, वाढतील की तेवढेच राहतील, हे ठरते.

इथे एक साधा हिशेब करून पाहावा. १० नॅनोमीटर व्यासाच्या टायटॅनियम डायऑक्साइडच्या एका ग्रॅमचा पृष्ठभाग सुमारे १५० चौरस मीटर भरतो. एक ग्रॅम द्रवस्फटिकात असे एक मिलिग्रॅम कण घातले, तर त्यांचा पृष्ठभाग होतो सुमारे १५०० चौरस सेंटिमीटर, तोही कणांच्या गुठळ्या झाल्या नाहीत तर. तेच एक ग्रॅम द्रवस्फटिक दोन काचांच्या, १० मायक्रॉन जाडीच्या सेलमध्ये पसरले, तर दोन्ही काचांचा मिळून पृष्ठभाग सुमारे २००० चौरस सेंटिमीटर होतो. म्हणजे आयन धरण्या-सोडण्याच्या कामात काच आणि तिच्यावरचा पॉलिमरचा थर कणांच्या बरोबरीने उतरलेले असतात. एकाच जाडीच्या सेलवर मोजमाप करून सगळे श्रेय कणांना देणे म्हणूनच टिकत नाही. शिवाय आपण मोजतो ती संवाहकता, आणि ती आयनांच्या संख्येबरोबर त्यांच्या चलनशीलतेवरही अवलंबून असते. संवाहकता घटली म्हणजे आयन घटलेच, असे होत नाही.

चंद्रपूर-गडचिरोलीच्या महाविद्यालयांत हा मुद्दा आणखी धारदार होतो. २०११ मध्ये गोंडवाना विद्यापीठ स्थापन झाले आणि या दोन जिल्ह्यांतल्या महाविद्यालयांना स्वतःचे विद्यापीठ मिळाले; इथल्या प्रयोगांच्या अटीही इथल्या हवेवरून ठरायला हव्यात. सर्वत्र वापरले जाणारे ५सीबी हे द्रव्य साधारण २४ ते ३५ अंश सेल्सिअसदरम्यान नेमॅटिक, म्हणजे द्रवस्फटिक अवस्थेत असते. मे महिन्यात चंद्रपुरात पारा ४५ च्या वर जाणे नवे नाही. त्या दिवसांत न थंडावलेल्या खोलीत ते द्रवस्फटिक राहतच नाही, साधा द्रव होते. ‘खोलीच्या तापमानाला’ हा शब्दप्रयोग इथे काहीच सांगत नाही. तापमान वाढले की श्यानता घटते, आयन वेगाने धावतात आणि कणांना चिकटलेले आयनही बहुधा सुटू लागतात. हिवाळ्यात शुद्धीकरण करणारा कण उन्हाळ्यात तेवढेच करील, हे गृहीत धरता येत नाही.

यावर दोन आक्षेप येतील. पहिला, लहान महाविद्यालयांकडे एवढी साधने कुठून येणार? पण कमी वारंवारतेपर्यंत जाणारा एलसीआर मीटर, तापमान स्थिर ठेवणारी हॉट स्टेज आणि दोन-तीन जाडीचे सेल एवढ्यावर बराच पल्ला गाठता येतो. बाकी लागते ती चिकाटी. दुसरा आक्षेप, आमचा विषय प्रकाशीय गुणधर्म आहे, आयन हा बाजूचा मामला. तसे नाही. साचलेले आयन क्षेत्र झाकतात, तेव्हा मोजलेला उंबरठा-व्होल्टेजही बदलतो. आयनांचा हिशेब नसेल तर तो बदल कणांनी घडवला असे म्हणता येत नाही. आणि आयन नेहमी नकोच असतात, असेही नाही. १९६८ मध्ये आरसीए कंपनीत जॉर्ज हाइलमायर आणि सहकाऱ्यांनी जाहीर केलेला गतिक प्रकीर्णनाचा पडदा आयनांच्याच जोरावर चालत होता. तशा उपयोगात आयन वाढवणारा कणच कामाचा.

अशुद्धी काढणारा पदार्थ स्वतः काय सोडतो, हा प्रश्न या भागाला पाण्याने आधीच शिकवला आहे. चंद्रपूर जिल्ह्यातल्या काही गावांच्या भूजलात फ्लोराइड जास्त आहे. ते काढण्यासाठी नागपूरच्या नीरी या संशोधन संस्थेने विकसित केलेल्या नलगोंडा पद्धतीत तुरटी आणि चुना वापरतात, आणि फ्लोराइड घटले तरी पाण्यात उरणारे अ‍ॅल्युमिनियम व सल्फेट तपासावेच लागते. द्रवस्फटिकाला वेगळा न्याय कशासाठी? म्हणून या मासिकाकडे येणाऱ्या लेखांत कण कसे धुतले, किमान तीन सांद्रता, किमान दोन जाडीचे सेल आणि नोंदवलेले तापमान एवढे असावे, अशी आमची अपेक्षा आहे. आयन वाढल्याचा निष्कर्ष निघाला तरी तो तितक्याच मानाने छापू. न छापलेल्या अशा निष्कर्षांमुळेच नॅनोकणांची ख्याती त्यांच्या कामाच्या पुढे गेली आहे.