चावी कुणाकडे, पिशवी कुणाकडे



मोटारीतून लांबचा पहिला प्रवास कुणी केला, हे आपल्याला शाळेत कुणी शिकवलं नाही. ऑगस्ट १८८८ मध्ये जर्मनीतल्या मानहाइम गावातून बेर्टा बेंझ ही बाई आपल्या दोन मुलांना घेऊन निघाली. एक पंधरा वर्षांचा, दुसरा तेरा. गाडी तिच्या नवऱ्याने, कार्लने बनवलेली, तीन चाकांची. ती निघाली नवऱ्याला न सांगता, आणि गेली कुठे, तर शंभरेक किलोमीटरवर असलेल्या माहेरी. वाटेत इंधन संपत आलं तेव्हा तिने ते औषधाच्या दुकानातून घेतलं. नळी तुंबली ती टोपीच्या पिनेने मोकळी केली. ब्रेक झिजले तेव्हा जोडे शिवणाऱ्या कारागिराकडून त्यावर चामडं ठोकून घेतलं. चढाला मुलांनी गाडी ढकलली. कार्लच्या धंद्यात लग्नाआधीच तिच्या हुंड्याचा पैसा पडलेला होता, हे जाता जाता सांगायला हवं. कारखान्यावरच्या पाटीवर नाव अर्थात त्याचंच लागलं.

म्हणजे मुलांना घेऊन प्रवासाला निघालेली बाई ही मोटारीइतकीच जुनी आहे. मग आजही आपल्या बहुतेक घरांत गाडीची चावी त्याच्या खिशात आणि मुलांची पिशवी तिच्या खांद्यावर, असं का?

हा विषय अग्रलेखात घ्यायचा ठरला तेव्हा ‘गाडी हा आपल्या वाचकांचा प्रश्न आहे का?’ असा आक्षेप येणार, हे दिसत होतं. तो रास्तही आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशातल्या शंभर घरांपैकी जेमतेम आठ घरांत मोटार आहे. आपल्यातल्या बहुतेकजणी एसटीने, वडापने, नाहीतर नवऱ्याच्या मागे स्कूटरवर बसून फिरतात. पण वाहन कुठलंही असो, पिशवी तीच असते. आणि कर्ज काढून घेतलेली, हप्त्यांवर चालणारी छोटी गाडी आता शिक्षिकेच्या, नर्सच्या, बँकेतल्या कारकून बाईच्या घरीही आली आहे. कित्येकदा हप्ता तिच्या पगारातून कापला जातो. तेव्हा या गाडीत नेमकं कोण काय करतं, ते एकदा नीट पाहू.

गणपतीला कोकणात जाणारं मुंबईचं एखादं घर घ्या. निघण्याच्या आदल्या दिवशी तो चाकांत हवा भरतो, ऑइल बघतो, टाकी भरून आणतो. तास-दीड तासाचं काम, आणि ते ‘गाडीचं काम’ म्हणून सगळ्यांच्या लक्षात राहतं. तिची तयारी आठवडाभर आधी सुरू झालेली असते. मुलांचे कपड्यांचे जादा जोड, तापाचं औषध, मीठ-साखरेच्या पुड्या, पाण्याच्या बाटल्या, टॉवेल, घाटात लागणाऱ्या प्लॅस्टिकच्या पिशव्या आणि जुनी वर्तमानपत्रं, धाकट्याला चालणारा खाऊ, थोरलीला चालणारा खाऊ, सासूबाईंच्या रक्तदाबाच्या गोळ्या, बॅटरी, स्वतःचे पॅड. गाडी सुरू झाली की ती मान मागे वळवून बसते, ती मान गाव येईपर्यंत तशीच. कुणाला मळमळतंय, कुणाला झोप आलीय, कुणी कुणाला चिमटा काढला. आणि उतरल्यावर ऐकायचं काय? ‘मी दहा तास गाडी चालवली, तू तर नुसती बसून होतीस.’

२०१९ च्या राष्ट्रीय वेळ-वापर पाहणीत घरकाम करणाऱ्या बाईचा त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं वेळ जातो असं दिसलं, आणि पुरुषाचा ९७ मिनिटं. २०२४ च्या पाहणीत हे आकडे २८९ आणि ८८ झाले, म्हणजे अंतर होतं तिथेच राहिलं. तरी या मिनिटांत पिशवी भरण्याचा वेळ येईल; काय भरायचं ते आठवत राहण्याचा कसा येणार? भाजी चिरताना, बसच्या रांगेत, झोपताना चाललेलं ते काम आहे.

गाडी मुलांसाठी कशी लावावी, याचे सल्ले हल्ली भरपूर छापून येतात. सीटच्या पाठीला खणांची कापडी पिशवी टांगा, कचऱ्याला डबा ठेवा, खेळण्यांची टोपली करा. सल्ले वाईट नाहीत. पण प्रत्येक सल्ला आईला उद्देशून असतो. नीटनेटकी गाडी म्हणजे चांगली आई, अशी आणखी एक परीक्षा तिच्यासमोर मांडली जाते. घर चकचकीत हवं, डबा पौष्टिक हवा, आता गाडीची डिकीही!

या सल्ल्यांत जी गोष्ट सर्वांत आधी यायला हवी, ती मात्र क्वचित असते. आपल्याकडे गाडीतली मुलाची जागा म्हणजे आईची मांडी. बऱ्याचदा ती मांडी पुढच्या सीटवर असते. पन्नासच्या वेगाने जाणारी गाडी आदळून थांबली तर दहा किलोच्या मुलाचा भार त्या क्षणी कित्येक पटींनी वाढतो. कुठल्याही आईचे हात ते मूल धरून ठेवू शकत नाहीत. दोघांना मिळून एकच पट्टा लावणं तर आणखी वाईट, कारण आईचंच वजन मुलावर येतं. पुढे एअरबॅग असेल तर तिच्या झटक्यानेच मुलाला इजा होऊ शकते. तान्ह्या मुलाची मागे तोंड करून लावायची सीट एअरबॅगसमोर कधीही लावू नये. मुलांची जागा मागे, आणि वयाला बेतलेल्या सीटमध्ये. गरोदर बाईनेही पट्टा लावायचाच. खालचा पट्टा पोटावरून न घेता पोटाखाली, कमरेच्या हाडांवरून घ्यायचा; तिरपा पट्टा दोन स्तनांमधून.

२०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात कलम १९४ ‘ब’ आलं. चौदा वर्षांखालच्या मुलाला पट्टा किंवा बालसीट न लावता गाडी चालवली तर चालवणाऱ्याला हजार रुपये दंड. स्कूटरवरच्या चार वर्षांखालच्या मुलांसाठीही फेब्रुवारी २०२३ पासून नियम आहे: मुलाला चालवणाऱ्याशी बांधणारा पट्टा, नऊ महिन्यांपुढच्या मुलाला हेल्मेट, आणि वेग चाळीसच्या आत. सप्टेंबर २०२२ मध्ये पालघर जिल्ह्यात सायरस मिस्त्री यांचा अपघाती मृत्यू झाला तेव्हा मागच्या सीटवर त्यांनी पट्टा लावलेला नव्हता, याची देशभर चर्चा झाली. ती मागच्या सीटवरच्या मुलांपर्यंत फारशी पोचली नाही. कायदा जबाबदार धरतो चालवणाऱ्याला, हे लक्षात घ्या. घरात मात्र काही झालं तर ‘आईचं लक्ष कुठे होतं?’ हाच प्रश्न येतो. बालसीटचा विषय काढला की ‘दोन वर्षांसाठी कशाला एवढा खर्च’ म्हणणाऱ्या घरात सीटकव्हर आणि गाण्याच्या यंत्रावर तेवढेच पैसे सहज खर्च झालेले असतात.

मग गाडी लावायची कशी? सगळ्यांनी मिळून. यादी एकदाच बनवा आणि कपाटाच्या दाराला आतून चिकटवा, म्हणजे ती तुमच्या डोक्यातून बाहेर येईल आणि कुणालाही वाचता येईल. सहा-सात वर्षांचं मूल स्वतःची पिशवी भरू शकतं; मुलग्यालाही भरायला लावा, बहिणीने त्याची भरून देऊ नये. उलटीची पिशवी, टॉवेल आणि पाणी हे खातं नवऱ्याकडे द्या आणि त्याच्याकडेच राहू द्या. पहिल्या खेपेला तो टॉवेल विसरेल. विसरू द्या. जड सामान डिकीत तळाशी. मागच्या काचेखालच्या फळीवर काहीही नको, ब्रेक लागला की ते थेट मुलांच्या डोक्यावर येतं. स्टेपनी सामानाखाली गाडून टाकू नका, आणि ती बदलायला तुम्हीही शिका. उन्हात बंद गाडी दहा मिनिटांत दहाएक अंशांनी तापते. ‘पटकन भाजी घेऊन येतो’ म्हणूनही मुलाला आत ठेवायचं नाही, हे घरातल्या प्रत्येक चालवणाऱ्याला ठाऊक हवं.

एक गोष्ट मात्र कुठल्याही खणात बसत नाही. रस्त्यावर स्वच्छतागृह मिळेल की नाही या धास्तीने बायका प्रवासात पाणीच पीत नाहीत. मुलांना पाजतात, स्वतः कोरड्या राहतात. मुंबईत २०११ पासून ‘राइट टू पी’ची मोहीम चालली, शहरापुरता तरी हा विषय चारचौघांत बोलण्याचा झाला. महामार्गावर पेट्रोलपंपाच्या मागे कुलूप लावलेलं दार बघून परत येणाऱ्या बाईपर्यंत ती पोचायची आहे.

आणि आपल्या संघटनांचं काय? शिबिराला जीप ठरते तेव्हा माणसं मोजली जातात; मुलं मात्र ‘घेऊ कुणाच्या तरी मांडीवर’. ज्या कार्यकर्तीला लहान मूल आहे ती अशा वेळी ‘या खेपेला राहू दे’ म्हणते, आणि पुढच्या खेपेला तिला विचारलंही जात नाही. प्रवासखर्चाच्या अंदाजात मुलाची जागा ही वेगळी ओळ असावी, पाळणाघराची असते तशी.

पुढच्या अंकात या विषयावर तुमची पत्रं छापायची आहेत. गटाच्या बैठकीत एक कागद घ्या. शेवटच्या प्रवासाआधीच्या आठ दिवसांत घरातल्या कुणी काय काय केलं ते लिहून काढा, नवऱ्यालाही त्याचं त्याचं लिहायला सांगा, आणि दोन्ही कागद आम्हाला पाठवा. घरात गाडी असेल तर एवढंही कळवा: ती कुणाच्या नावावर आहे, हप्ता कोण भरतं, आणि तुम्हाला ती चालवता येते का. एसटीने किंवा वडापने फिरणाऱ्या मैत्रिणींनी आपली पिशवी उघडून तिच्यात काय काय आहे ते लिहिलं तरी चालेल.