मान हलली म्हणून मेंदू फुटत नाही

पनवेलच्या एका शाळेत पालकांच्या बैठकीत एका सुविद्य गृहस्थांनी मागणी केली की, स्नेहसंमेलनातून जाखडी, लेझीम आणि आगरी-कोळी नाच काढून टाकावेत. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: मेंदू म्हणजे सटातलं दही, जोरात हलवलं की मोडणारच. जर्मनीत एक माणूस मान झटकत नाचला आणि त्याच्या डोक्यात रक्त साकळलं. सबब पोरांना रांगेत उभं करून गाणी म्हणायला लावा. चार-सहा पालकांनी लगेच होकार भरला. मला संताप आला तो त्या होकाराचा.

दह्याचा दाखला तर साफ चुकीचा. सुमारे १४०० ग्रॅमचा मेंदू कवटीत द्रवात तरंगत असतो, त्यामुळे त्याचा भार जेमतेम ५० ग्रॅम उरतो. पोरं दिवसभर धावतात, जिने उतरतात, दोरीवरच्या उड्या मारतात, ती याच सोयीवर. हे दहावीपर्यंतचं विज्ञान.

आता त्या जर्मन माणसाकडे वळू, कारण सगळी भीती त्याच्याच नावावर विकली जाते आहे. ही हकीकत खरी आहे, २०१४ साली ‘लॅन्सेट’मध्ये ती छापून आली. पण ती अर्धीच सांगायची हा अप्रामाणिकपणा आहे. तो माणूस पन्नास वर्षांचा होता. मोटरहेड या रॉक बँडच्या कार्यक्रमात त्याने संगीताच्या ठेक्यावर मान जोरजोरात पुढे-मागे झटकली. चारेक आठवड्यांनी, डोकेदुखी वाढतच गेली म्हणून तो हॅनोवरच्या डॉक्टरांकडे गेला. मेंदू आणि त्यावरचं आवरण यांना जोडणाऱ्या बारीक शिरांतून रक्त झिरपून साचलं होतं. कवटीला छिद्र पाडून ते काढलं आणि डोकेदुखी थांबली. पुढच्या तपासणीत त्याच्या डोक्यात एक साधी सिस्टही दिसली, तिच्यामुळे तो अशा इजेला जास्त बळी पडला असावा. ही सिस्ट आमच्या वक्त्यांनी सोयीस्करपणे गाळली. तो माणूस बरा झाला, हेही गाळलं. आणि वैद्यकीय नियतकालिकात एकाच रुग्णाची हकीकत येते ती ती विरळा असते म्हणून. कितीतरी वर्षं लाखो लोक अशा कार्यक्रमांत माना झटकत आले आहेत. अशा एका रुग्णावरून पनवेलच्या आठवीच्या पोरांचा नाच बंद करायचा, म्हणजे साप साप म्हणून भुई धोपटणं झालं.

शिवाय तुलना तरी कशाची कशाशी? २००८ साली ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी या मान झटकण्याचं गणित मांडलं होतं. मिनिटाला १४६ ठोक्यांच्या गाण्यावर मान ७५ अंशांहून जास्त फिरली, तर सौम्य इजेची शक्यता धरावी, असं त्यांचं अनुमान होतं. आता जाखडी जवळून बघा. मध्ये बसून मृदंग आणि झांज, भोवती रिंगण. जोर टाचेत आणि गुडघ्यात असतो. पायातले चाळ एकदम वाजायला हवेत म्हणून पाऊल आपटतं, कंबर वाकते आणि मान धडाबरोबर जाते. एकटी मान झटकली तर पुढचं पाऊल चुकतं. लेझमीतही तेच. आगरी-कोळ्यांच्या हळदीतल्या नाचात खांदे आणि कंबर. ७५ अंश कुठून येणार?

अष्टमीला महालक्ष्मीपुढे घागर फुंकताना बायकांना गरगरतं, हाही पुरावा म्हणून पुढे आला. ते श्वास जोरजोरात सोडल्यामुळे. जरा बसलं की ओसरतं.

मग दहीहंडी निघाली. निघणारच. थरावरून पडून डोकं फुटतं ते जमिनीवर आपटून, नाचून नव्हे. गोविंदांच्या वयावरून आणि थरांवरून उच्च न्यायालयापासून सर्वोच्च न्यायालयापर्यंत वाद झाला. २०२२ साली शासनाने हंडीला साहसी खेळ म्हटलं. तेव्हाही मी सांगत होतो की दोरी, गादी आणि हेल्मेट यांवर बोला. तेव्हाही उत्तर एकच मिळालं, बंद करा. काळजीचं काम टाळायला बंदीसारखी सोपी पळवाट नाही.

रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेणाऱ्या आजी-आजोबांनी मात्र मान झटकू नये. आणि कुणालाही दिवसेंदिवस वाढणारी डोकेदुखी, उलट्या किंवा एका बाजूला अशक्तपणा जाणवला, तर थेट रुग्णालय गाठावं.

नाचाच्या बाजूने सांगायचं तर, न्यूयॉर्कमध्ये पंचाहत्तरीपुढच्या ४६९ जणांचा काही वर्षं मागोवा घेतलेला अभ्यास २००३ साली प्रसिद्ध झाला. शारीरिक हालचालींपैकी एकट्या नाचाचा स्मृतिभ्रंशाच्या कमी धोक्याशी संबंध दिसला. त्यावरून नाचाने मेंदू वाचतोच असं मी म्हणणार नाही. पण पावलं लक्षात ठेवायची, ठेका ऐकायचा, शेजाऱ्याशी जुळवून घ्यायचं, हे सगळं एका वेळी करायला मेंदूच लागतो, आणि पोरांना ते हवं असतं.

शाळेने जाखडी ठेवावी. महाड-चिपळूणकडून येऊन पनवेलला स्थायिक झालेल्या घरांत ती शिकवू शकणारे काका-आजोबा आहेत, त्यांना तालमीला बोलवावं. आणि बैठकीत ज्यावर कुणी चकार शब्द काढला नाही, त्या पोरांच्या कानाशी उभ्या केलेल्या डीजेच्या भिंती आधी मैदानाबाहेर काढाव्यात. मृदंगाला त्यांची गरज नाही.