सुरक्षेचे धोरण आणि कारकुनाचा नकार

जानेवारी २०१८ मध्ये मुंबईतील पंजाब नॅशनल बँकेच्या ब्रॅडी हाउस शाखेत हिरे व्यापारातील काही कंपन्यांनी परदेशी पतपुरवठ्यासाठी हमीपत्रे मागितली. मंजूर कर्जमर्यादा नसल्याने शाखेतील अधिकाऱ्यांनी रिवाजानुसार पूर्ण रकमेची रोख ठेव मागितली. यापूर्वी ही सोय मिळत आली आहे, असे कंपन्यांचे म्हणणे पडले. दप्तर चाळले, तर त्या जुन्या हमीपत्रांची नोंदच सापडेना. या एका साध्या पृच्छेतून तेरा हजार कोटी रुपयांहून मोठे प्रकरण उघडकीस आले.

फरारी व्यापारी आणि त्याला सामील झालेला अधिकारी, अशी ही कथा बहुतेकांनी वाचली व विसरून टाकली. वस्तुतः धोरणाचा येथे तुटवडा नव्हता. संचालक मंडळाने मंजूर केलेले सायबर सुरक्षेचे स्वतंत्र धोरण प्रत्येक बँकेजवळ असावे, असे रिझर्व्ह बँकेने जून २०१६ मध्येच फर्मावले होते. ‘स्विफ्ट’ या आंतरराष्ट्रीय संदेशयंत्रणेच्या दुरुपयोगाविषयी ऑगस्ट २०१६ पासून किमान तीन वेळा सावधगिरीच्या सूचनाही गेल्या होत्या. तरीही ‘स्विफ्ट’वरून जाणारे संदेश बँकेच्या मुख्य हिशेबप्रणालीशी जोडलेले नव्हते. हमी परदेशी पोहोचत होती. खतावणीला तिचा पत्ता नव्हता. संवेदनशील जागेवरील माणूस तीन वर्षांनी बदलावा, हा केंद्रीय दक्षता आयोगाचा दंडक जुनाच. ज्या उपव्यवस्थापकावर आरोप झाले, तो २०१० पासून २०१७ मध्ये निवृत्त होईपर्यंत तेथेच होता.

मग चांगल्या धोरणाची कसोटी कोणती? टेबलावरचा सर्वांत कनिष्ठ माणूस वरिष्ठाला ‘हे होणार नाही’ असे सांगू शकतो की नाही, आणि तसे सांगितल्यावर त्याची नोकरी शाबूत राहते की नाही, हीच. एकाने नोंद करावी, दुसऱ्याने तपासावी, तिसऱ्याने मंजुरी द्यावी, हे तत्त्व प्रत्येक धोरणात असते. पण तिघांच्या जागी एकच माणूस नेमला आणि भरती थांबवली, म्हणजे तिघांचे पासवर्ड एकाच्या खिशात जाणार, हे सांगायला तज्ज्ञ कशाला हवा? पुढे काही बिघडले की चौकशी त्या एकाची होते. जागा रिकाम्या ठेवणाऱ्याचे नाव अहवालात येत नाही.

हल्लेखोर मात्र संघटनेचा दिनक्रम तिच्या संचालकांपेक्षा अधिक बारकाईने अभ्यासतात. ढाक्याच्या बांगलादेश बँकेवरील हल्ला ४ फेब्रुवारी २०१६ च्या गुरुवारी रात्री झाला. शुक्रवार ही तेथली साप्ताहिक सुटी. संदेश छापणारा प्रिंटर बंद पडला, तो नेहमीचाच बिघाड समजला गेला. ढाक्यात उलगडा होईपर्यंत न्यूयॉर्कची सुटी लागली होती. ८.१ कोटी डॉलर मनिलाला गेले. पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेवर २०१८ मध्ये घाला पडला, तोही ११ ऑगस्टच्या दुसऱ्या शनिवारी. बनावट कार्डांनी २८ देशांतून पैसे काढले गेले. सोमवारी ‘स्विफ्ट’मार्गे आणखी रक्कम हाँगकाँगला गेली. एकूण फटका ९४ कोटींहून अधिक. सहकारी बँकेतील पैसा कुणाचा असतो, हे येथील वाचकांना सांगण्याची गरज नाही.

शिक्षेच्या कलमांनी हे थांबत नाही. चुकीचे पत्र उघडणाऱ्या कर्मचाऱ्याला पगारकपातीची धास्ती असेल, तर तो ती चूक दडवणार; आणि चोराला नेमका हाच अवधी हवा असतो. चूक तासाभरात कळवणाऱ्याला अभय देणारे एक वाक्य, दंडाच्या दहा पानांपेक्षा अधिक उपयोगी पडते. ते मराठीत असावे, हेही ओघानेच आले. इंग्रजीतले चाळीस पानी धोरण रात्रपाळीच्या पहारेकऱ्याने कधी वाचावे?

पतसंस्थांच्या संचालक मंडळांवर आणि युनियनच्या कचेऱ्यांत बसणाऱ्या कार्यकर्त्यांनी हा आरसा स्वतःसमोरही धरावा. सभासदांची यादी, पत्ते, आधार क्रमांक हे सारे एखाद्या उत्साही सहकाऱ्याच्या मोबाइलमध्ये पडून असते. ती यादी मालकाच्या हाती लागली, तर कुणाची बदली करायची आणि कुणाचे कंत्राट संपवायचे, हे त्याला आयतेच कळते. जी माहिती लागत नाही ती मुळात घेऊच नये. घेतली तर ती कुणाजवळ आहे व केव्हा नष्ट होणार, हे सर्वसाधारण सभेपुढे सांगावे. यावर काम अडते, असा आक्षेप हमखास येतो. थोडे अडतेच. दोन सह्यांशिवाय धनादेश वटत नाही, तेव्हाही ते अडते. तरी खजिनदाराने एकट्याने सही करावी, असा ठराव कोणी मांडत नाही.

अध्यक्षांनी फोनवरून तातडीने रक्कम पाठवण्यास सांगितले, तर कारकुनाने आधी त्यांच्या नेहमीच्या क्रमांकावर उलट फोन करून खातरजमा करावी, असा नियम किती संस्थांत आहे? आणि दुसऱ्या शनिवारी दुपारी काही विपरीत दिसले, तर फोन कुणाला करायचा, ते नाव भिंतीवर लावलेले आहे काय?