50 कुर्त्यांनंतर
नव्या डिझायनरचे कपडे दुकानदार आनंदाने ठेवून घेतो, पण ‘विकलं तर पैसे’ या बोलीवर. तोवर मंगलदास मार्केटातल्या कापडाचं बिल आणि कटिंग मास्टरचा पगार, सगळी पदरमोड तिचीच. स्टायलिस्ट नटीसाठी लेहेंगा उसना नेतो. परत येतो तो गळ्याला फाउंडेशनचा डाग घेऊन, आणि फोटोखाली हिचं नाव नाहीच. एवढं तरी गृहीत धरलेलं असतं. कायद्यातली मेख मात्र अनेकींना नक्कल बाजारात आल्यावरच कळते. 1957च्या कॉपीराइट कायद्याच्या 15व्या कलमानुसार, नोंदवता येण्याजोगं पण न नोंदवलेलं डिझाइन औद्योगिक पद्धतीने 50पेक्षा जास्त नगांवर उतरलं, की त्यावरचा कॉपीराइट संपतो. म्हणजे कुर्ता पडून राहिला तर हक्क शाबूत, धडाक्यात खपला तर गेला! (हे लिहिणाऱ्याने दुकान चालवलं नसावं.) बरं, नोंदणी करायची तर माल लोकांसमोर येण्याआधी, नंतर तो ‘नवा’ धरला जात नाही. दोन मशीनवर धंदा करणारी मुलगी हंगामातल्या वीस-पंचवीस नमुन्यांपैकी कुठल्याची फी भरणार? चालणारा कुठला, हे तिला कळतं ते दिवाळीची विक्री आटोपल्यावर.