स्वखुशीने...

परवा रात्री साडेदहाला भाच्याचा फोन आला. तो चाकणला एका कंपनीत आहे, सात वर्षं झाली. एवढ्या रात्री फोन म्हणजे काहीतरी बिनसलंय हे कळलंच. म्हणाला, "मामा, एक पत्र पाठवलंय व्हॉट्सअ‍ॅपवर, बघ जरा. उद्या सही मागितलीय."

चष्मा शोधला, पत्र उघडलं. चारच ओळी. "मी माझ्या वैयक्तिक कारणास्तव, स्वखुशीने, कोणत्याही दबावाशिवाय माझ्या नोकरीचा राजीनामा देत आहे..."

हे पत्र मला पाठ आहे. नोव्हेंबर २०२३ मध्ये, दिवाळी होऊन आठवडा झाला असेल, अशाच एका पत्रावर मी सही केली होती. कंपनी वेगळी, गाव वेगळं, पण शब्द तेच. कुठून मिळतो कोण जाणे हा मसुदा सगळ्यांना!

ही गोष्ट मी इथे कधीच लिहिली नाही. नातेवाईक वाचतात, उगाच काळजी करतील असं वाटायचं. खरं सांगायचं तर लाज वाटायची. पण भाच्याच्या फोननंतर वाटलं की गप्प बसण्यात काही शहाणपण नाही. (त्याला विचारूनच लिहितोय.)

तर झालं असं. आमची कंपनी एमआयडीसीतली, मध्यम आकाराची. फौंड्रीतून कास्टिंग आणायचं, मशीनिंग करायचं आणि गाडी कंपन्यांना पाठवायचं. मी डिस्पॅचला. १९ वर्षं तीच चलनं, तेच ट्रक, तेच ड्रायव्हर. मग एका मोठ्या गिऱ्हाइकाने काम दुसरीकडे हलवलं, एक शिफ्ट बंद झाली आणि एका दुपारी आम्हा पाच जणांना वर बोलावलं.

एचआरचा मुलगा माझ्या पुतण्याच्या वयाचा. पत्रं आधीच छापून ठेवलेली होती. तो म्हणाला, "काका, कामावरून कमी केलं असं कागदावर आलं तर दुसरीकडं अडचण होते. राजीनामा दिला की रेकॉर्ड स्वच्छ. हिशोब आठ दिवसांत देतो." मला ते पटलं. १९ वर्षं कुणाचा एक शब्द ऐकून घेतला नव्हता, शेवट तरी स्वच्छ असावा असं वाटलं. खिशातलं पेन काढलं आणि सही केली. त्याने चहा मागवला, तो प्यायला थांबलो नाही.

कंत्राटदाराकडच्या पोरांचं तर याहून सोपं. त्यांना राजीनामाही मागितला नाही. "उद्यापासून येऊ नका" म्हटलं की झालं.

पुढचे चार महिने कसे गेले ते थोडक्यात सांगतो. हिशोब आठ दिवसांत नाही, दीड महिन्याने आला. पीएफ अडकला, कारण आधारवर माझ्या नावाला 'राव' आहे आणि पीएफच्या खात्यात नाही! १९ वर्षं पैसे कापताना त्या 'राव'ची कुणाला गरज पडली नव्हती. :-) बायकोने भिशी उचलली. मुलीच्या क्लासची फी तीन हप्त्यांत करून घेतली. जड काय गेलं असेल तर सकाळी दारात उभं राहिल्यावर शेजारच्यांचं "आज सुट्टी?" पहिल्या आठवड्यात हो म्हटलं. दुसऱ्या आठवड्यात मागच्या बाजूला उभा राहायला लागलो.

मग जुन्या एका सोबत्याने सांगितलं की ईएसआयमधून बेकारी भत्ता मिळतो. माझा पगार शेवटी १९,८०० होता. ईएसआयची मर्यादा २०१७ पासून २१,००० ची, म्हणजे मी त्यात बसत होतो. दरमहा माझे १४९ रुपये कापले जायचे. मी समजत होतो की हे दवाखान्यासाठी. पण १ जुलै २०१८ पासून अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना सुरू झाली होती. नोकरी गेली तर सुरुवातीला सरासरी कमाईच्या २५ टक्के, आणि कोरोनात २४ मार्च २०२० पासून ५० टक्के. जास्तीत जास्त ९० दिवस, आणि आयुष्यात एकदाच. माझ्या हिशोबाने २९,७०० रुपयांच्या आसपास. त्या वेळी ही रक्कम माझ्यासाठी लहान नव्हती.

सगळी कागदं पिशवीत घालून गेलो. तिथल्या साहेबांबद्दल माझी काही तक्रार नाही. खुर्ची दिली, सगळं नीट वाचलं, मग राजीनाम्यावर बोट ठेवलं. "हे बघा, स्वखुशीने लिहिलंय. स्वतःहून सोडणाऱ्याला हे लागू नाही."

"साहेब, पत्र त्यांनी छापलं होतं."

"सही कुणाची?"

"माझी."

यावर ते काय बोलणार? आणि मी तरी काय बोलणार? अर्ज तर भरायचा होता. त्यात खरं लिहावं तर माझंच पत्र खोटं ठरतं, आणि पत्र खरं धरावं तर मी खोटा. पिशवी उचलून परत आलो.

पुढे एका ओळखीच्या वकिलांकडे बसलो तेव्हा त्या सहीची खरी किंमत कळली. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यानुसार सलग वर्षभर काम केलेल्या कामगाराला कमी करायचं तर महिन्याची नोटीस किंवा महिन्याचा पगार, आणि शिवाय प्रत्येक पूर्ण वर्षामागे पंधरा दिवसांचा पगार द्यावा लागायचा. माझे दोन लाखांच्या वर निघत होते. ग्रॅच्युइटी वेगळी, ती राजीनामा दिला तरी मिळते. कंपनीने ग्रॅच्युइटी दिली, त्यालाच 'पूर्ण हिशोब' म्हटलं, आणि मी आभार मानून आलो! (२१ नोव्हेंबर २०२५ पासून त्या कायद्याच्या जागी औद्योगिक संबंध संहिता आली आहे. पंधरा दिवसांचा हिशोब तिथेही आहे.)

म्हणजे सरकारने भत्ता ठेवला, कायद्याने भरपाई ठेवली, आणि या दोन्हीची किल्ली एका शब्दात ठेवली. 'कमी केले' लिहिलं तर दार उघडतं, 'स्वखुशीने' लिहिलं तर बंद. आणि तो शब्द टाइप कोण करतो? ज्याला पैसे द्यायचे नाहीत तो. यात सगळा घोळ आहे असं माझं मत आहे. योजनेत पैसे किती ठेवले यापेक्षा 'तुझी नोकरी नक्की कशी गेली?' हे कामगाराला कुणी विचारतं का, हा प्रश्न मला मोठा वाटतो.

मागे याबद्दल वाचताना एक गोष्ट सापडली. इंग्लंडमध्ये १९११ साली बेकारीच्या विम्याचा कायदा झाला. पहिल्यांदा मोजकेच धंदे त्यात घेतले होते. बांधकाम, जहाजबांधणी, इंजिनिअरिंग... आणि लोखंडाचं ओतकाम! म्हणजे आमच्या उद्यमनगर-शिरोलीत जे काम चालतं तेच. आठवड्याला सात शिलिंग, वर्षात जास्तीत जास्त पंधरा आठवडे. स्वतःहून काम सोडलं तर तिथेही भत्ता बंद, पण तो सहा आठवड्यांपुरता. आणि त्यावर वाद झाला तर तो ऐकायला मंडळ होतं. त्यात मालकांचा प्रतिनिधी, कामगारांचा प्रतिनिधी आणि एक तटस्थ अध्यक्ष. कामगाराची बाजू ऐकून घेण्याची सोय त्यांनी शंभर वर्षांपूर्वी केली होती.

आपल्याला हे सुचत नाही असं मुळीच नाही. शेजारच्या सांगली जिल्ह्यातल्या विसापूरच्या वि. स. पागे यांनी रोजगार हमीची कल्पना मांडली. १९७२ च्या दुष्काळात ती राज्यभर कामाला आली, १९७७ चा कायदा २६ जानेवारी १९७९ पासून लागू झाला. मागेल त्याला काम, नाहीतर भत्ता. पण ती हमी खेड्यातल्या अंगमेहनतीच्या कामाची. शहरातल्या डिस्पॅच क्लार्कसाठी असं काही कुणी मांडलं नाही. आम्हीही मागितलं नाही म्हणा.

असो. थोरल्या काकांचं सांगतो. ते शाहू मिलमध्ये होते. शाहू महाराजांनी १९०६ मध्ये पायाभरणी केलेली ती मिल २००३ मध्ये बंद पडली. माझी नोकरी गेल्याचं मी घरात दोन महिने फक्त बायकोला सांगितलं होतं. शेवटी काकांना सांगितलं. रागावतील असं वाटलं होतं. ते म्हणाले, "अरे, मिल बंद पडली तेव्हा मला कुणाला सांगायला लागलं नाही. भोंगा थांबला, सगळ्या गावाला कळलं. दुकानदार उधारी मागायच्या आधी विचारायचा, 'तुमचं काय झालं?' तुझं कुणाला कळलंच नाही की रे."

ते वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही. आता कारखाने तसे बंद पडत नाहीत. पाच-पाच माणसं वर बोलावली जातात आणि प्रत्येक जण एकेकटा, स्वखुशीने, घरी जातो. आम्ही पाचही जण आपापल्या घरात तोंड लपवून बसलो होतो. त्या दिवशी जिन्यात पाच मिनिटं थांबून एकमेकांशी बोललो असतो तरी सही करायच्या आधी कुणीतरी म्हणालं असतं की थांबा, विचारून बघू.

मी वकील नाही. पण माझ्या चुकीतून जे शिकलो ते घरातल्या पोरांसाठी लिहून ठेवतो.

राजीनामा आपण लिहायचा असतो. दुसऱ्याने छापून आणलेला कागद राजीनामा नसतो. जागेवर सही करायची नाही, "घरी दाखवून आणतो" म्हणायचं. कामावरून कमी करत असाल तर तसं लिहून द्या, एवढंच नम्रपणे मागायचं. दबावाखाली सही झालीच असेल तर लगेच लेखी कळवायचं आणि सहायक कामगार आयुक्तांच्या कार्यालयात जायचं. दबावाने घेतलेला राजीनामा न्यायालय मानत नाही, पण दबाव होता हे सिद्ध आपल्यालाच करावं लागतं. मी चार महिन्यांनी जागा झालो, तेव्हा हातात एकही कागद नव्हता आणि भांडायची ताकदही नव्हती. आणि हो, पीएफमधलं नाव आधारशी आजच जुळवून घ्या, नोकरी असतानाच!

रेकॉर्ड स्वच्छ राहण्याबद्दल म्हणाल, तर मला नंतर जिथे काम लागलं (लक्ष्मीपुरीतलं एक दुकान, स्टॉक आणि बिलं बघतो) तिथल्या मालकांनी राजीनाम्याचं पत्र बघितलंसुद्धा नाही. "जुनी नोकरी का सोडली?" एवढं विचारलं. मी म्हटलं, "सोडली नाही, काढलं." ते म्हणाले, "बरं. सोमवारपासून या." पगार आधीपेक्षा कमी आहे, पण भागतंय.

भाच्याने दुसऱ्या दिवशी सही केली नाही. "कमी करत असाल तर तसं पत्र द्या," असं म्हणाला. समोरच्याने "बघतो" म्हटलं. त्याच्याबरोबर आणखी तिघांना बोलावलं होतं, त्या तिघांनाही त्याने जेवणाच्या सुट्टीत गाठलं. दोघांनी सही केली नाही, तिसऱ्याची आधीच झाली होती. पुढे काय होईल ठाऊक नाही. नोकरी कदाचित जाईलही. आत्ता दुपारी त्याचा मेसेज आलाय, "मामा, आजपण बोलावलं नाही."

आक्का, तू हे वाचशील तेव्हा त्याला ओरडू नकोस. सही करू नको असं मीच सांगितलंय.