उसांतील वाघाटी

रानांतील एकादें पिलूं एकटें दिसलें, कीं तें उचलून घरीं आणावें, यासच आपण दया म्हणतों. त्या दयेबद्दल मला शंका आहे, आणि ती वाघाटीच्या निमित्तानें येथें मांडतों.

वाघाटी ही जगांतील रानमांजरांत सर्वांत लहान. पूर्ण वाढ झाली तरी वजन एक ते दीड किलो. घरचा बोका तिच्या दुप्पट भरेल. अंग राखी, त्यावर गंजाच्या रंगाचे ठिपके ओळीनें मांडलेले. कपाळावरून मानेकडे गेलेल्या काळसर रेघा, कान आंखूड व वाटोळे, शेपटी मात्र बहुधा ठिपक्यांवांचून. दिवसां ती ढोलींत किंवा दाट झुडपांत पडून असते. रात्रीं उंदीर, पांखरें, सरडे, बेडूक यांवर निर्वाह करते. पण आकारावरून तिची परीक्षा करूं नये. जेर्डन साहेबांनीं १८६७ च्या आपल्या ग्रंथांत स्वतः पाळलेल्या वाघाटीविषयीं लिहिलें आहे. अवघ्या आठ महिन्यांच्या त्या प्राण्यानें चिंकाऱ्याचें पाडस दिसतांच झेप घालून त्याची मान धरली, ती मोठ्या कष्टानें सोडवावी लागली!

उसांत उंदीर विपुल आणि आडोसाहि भरपूर. म्हणून वाघाटी तेथेंच विते. तोडणी सुरू झाली, कीं पाचटांत पिलें सांपडतात. जुन्नरकडे बिबट्याहि उसांतच वितो, त्यामुळें ठिपके दिसतांच “बिबट्या!” अशी हाकाटी होते. कोणी कोयता उगारतो, कोणी पिलूं उचलतो.

मीहि उचलणाऱ्यांपैकींच. वीस वर्षांपूर्वीं मी नाशिक जिल्ह्यांत नवाच शिक्षक होतों. दोन विद्यार्थ्यांनीं अशीं दोन पिलें टोपलींतून आणलीं. मीं मुलांस शाबासकी दिली व कापसाच्या बोळ्यानें पिलांस गाईचें दूध पाजूं लागलों. तिसऱ्या दिवशीं एक गेलें, पांचव्या दिवशीं दुसरें. पुढें एका मुलाचे वडील म्हणाले, “गुरुजी, दोन रात्री बांधावर मांजर ओरडत फिरत होतं.” तें वाक्य अजून मला सोडीत नाहीं.

पिलूं अनाथ नसतें. आई दिवसां समोर येत नाहीं, इतकेंच. जुन्नरजवळच्या माणिकडोह येथील बिबट्या निवारा केंद्राच्या लोकांनीं अशीं पिलें सायंकाळीं जागच्या जागीं ठेवून पाहिलीं, आणि आईनें रात्रीं येऊन तीं नेलीं. वनखात्यास कळवावें, व तोंवर पिलूं तेथेंच राहूं द्यावें. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें वाघाटीस वाघाच्याच अनुसूचींत घातलें आहे. तिला घरीं पाळणें हा गुन्हा आहे.

“तोडणी थांबवून पोट कसें भरावें?” असें कोणी विचारील. प्रश्न खरा आहे. पैठणकडे जायकवाडीच्या पाण्यावर ऊस उभा असतो, आणि आमच्या कित्येक मुलांचे आईबाप कोयता घेऊन दरसाल फडावर जातात. मजुरी टनावर मिळते, हें मी जाणतों. पण सारा फड नव्हे, चार सऱ्या एक रात्र राखावयाच्या. एवढा तोटा मळेवाल्यानें सोसावा, मजुरानें नव्हे, असें माझें मत आहे.

गेल्या हंगामांत आमच्या एका विद्यार्थ्याच्या आईनें तशा चार सऱ्या राखल्या. मुकादमानें शिव्या दिल्या, असें तो सांगत होता. सकाळीं टोपली रिकामी होती.